आधी वर आला तो

विमान कंपनीकडे आपले पैसे अडकलेत हे घरात सगळेच विसरून गेले होते. दोन वर्षांपूर्वी नणंदेकडे जायचं म्हणून चार तिकिटं काढली, आणि निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुबा मोडला, तिकिटं रद्द झाली. कंपनीनं पैसे परत दिलेच नाहीत, क्रेडिट दिलं. म्हणजे आमच्याच विमानातून उडा, नाहीतर पैसे उडाले समजा. आता संदेश आला होता की महिनाअखेरपर्यंत तिकिटं काढली नाहीत तर तेही बुडालं.

"फुकट घालवण्यापेक्षा कुठंतरी जाऊन येऊ," सासूबाई म्हणाल्या. खुबा जुळून आल्यापासून त्यांना घर खायला उठत होतं.

पण घोडं अडलं ते 'कुठंतरी'वर. रात्रीच्या जेवणानंतर ताटं बाजूला सारून लेकीनं लॅपटॉप टेबलावर मांडला. तिला मोठमोठ्या दुकानांचं शहर हवं होतं. सासूबाईंना समुद्र हवा होता. सुनेला बर्फ बघायचा होता, कारण ती दिवसभर दातांच्या लॅबमध्ये दिव्याखाली मान घालून दुसऱ्यांचे दात घडवत बसे, आणि थंड, मोकळं, पांढरं काहीतरी बघावं असं तिला फार दिवस वाटत होतं.

"पांढरं बघायचं तर तुझ्या लॅबमध्ये काय कमी आहे?" सासूबाई म्हणाल्या.

"आणि समुद्र तर काय, एकदा बघितला की झालं, दरवेळी तोच असतो," लेक म्हणाली, आणि आजीच्या हातचा धपाटा खाल्ला.

नवरा पाण्याचे ग्लास गोळा करत होता. त्याला कोणी विचारलं नाही. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, तशी सवयच पडून गेली होती. तो एका मोठ्या इस्पितळाच्या कपडेखात्यात चादरी आणि उशांचे अभ्रे सांभाळायचा, वेळेवर जायचा, वेळेवर यायचा, आणि काहीही विचारलं तरी "तुमचं ठरेल ते" म्हणायचा. लग्नाआधी तो लॅबमध्ये आला होता तो पुढचा दात मोडून. त्या दातावर बसवायची टोपी सुनेनंच बनवली. दिव्याचा उजेड चुकला आणि ती शेजारच्या दातांपेक्षा जराशी पिवळी निघाली. "बदलून देते," ती म्हणाली होती. "कशाला," तो म्हणाला, "चांगली आहे की." तो पिवळा दात त्यानं इतकी वर्षं मिरवला. कधीकधी तिला वाटे, आपल्यालाही त्यानं असंच पत्करलंय.

क्रेडिटमध्ये बसणारी शहरं मोजकीच होती. लेक ती एकेक करून दाखवत होती. एका शहराचा नकाशा पडद्यावर आला, आणि ग्लास हातात घेऊन जाणारा नवरा थांबला. त्यानं वाकून पडद्यावर बोट ठेवलं.

"इथं जाऊ," तो म्हणाला.

तिघीही त्याच्याकडे बघतच राहिल्या. आजवर त्यानं कधी भाजीसुद्धा निवडली नव्हती.

"इथं काय आहे?" लेकीनं विचारलं.

"माहीत नाही." त्यानं बोट काढलं नाही. "पण जाऊ."

त्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं, मग नाही कोण म्हणणार? तिकिटं निघाली.

ते शहर चढउतारांचं होतं. मधून नदी, दोन्ही काठांवर उंच जुन्या इमारती, खाली दुकानं आणि वर खिडक्यांतून वाळणारे कपडे. हॉटेलसमोर एक बेकरी होती. पहिल्याच सकाळी चौघं तिथं पाव घ्यायला गेली, तर पिठानं माखलेला बेकरीवाला हातातला ट्रे तसाच धरून नवऱ्याकडे बघत उभा राहिला.

"बडबड्या," तो हळूच म्हणाला. "अरे, होतास कुठं तू?"

"माणूस चुकलं तुमचं," नवरा म्हणाला.

बेकरीवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आवाजही तोच," तो म्हणाला. आणि पावाचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

लेकीला भारी मजा वाटली, कारण प्रकार तेवढ्यावर थांबला नाही. फळवालीनं नवऱ्याचा दंड धरला आणि "वाळलास रे" म्हणाली. चांभारानं दुकानातूनच हात केला. पुलावर एका म्हाताऱ्यानं त्याला अडवून मान हलवली आणि वाट सोडली. "बाबा, इथं तर तुम्ही मोठी असामी आहात," लेक म्हणाली. सुनेलाही आधी हसू आलं. पण दिवस कलेपर्यंत तिचं हसू ओसरलं होतं, कारण नवरा आता "माणूस चुकलं" म्हणायचा थांबला होता. तो नुसताच उभा राहून त्या लोकांचं ऐकून घेत होता. आणि वळणावर कोणाला न विचारता बरोबर वळत होता.

संध्याकाळी बेकरीवाला हात धुऊन, स्वच्छ शर्ट घालून हॉटेलात आला.

"मला कळतंय की तुम्ही तो नाही," तो म्हणाला. "तुमची माणसं बरोबर आहेत, नाव वेगळं आहे, सगळं मान्य. पण माझ्या वरच्या मजल्यावर त्याची आई राहते. तो एका संध्याकाळी तिच्या खोकल्याचं औषध आणायला खाली उतरला, आणि वर गेलाच नाही. वर्षं झाली. नदीत शोधलं, इस्पितळं पालथी घातली. ती अजून दाराला कडी घालत नाही. तिला एकदा तोंड दाखवा. एवढंच मागणं आहे."

"हे बरं दिसत नाही," सून म्हणाली. "परक्या बाईच्या जिवाशी असा खेळ..."

"जाऊ दे त्याला," सासूबाई मधेच म्हणाल्या. "मी येते बरोबर. तिच्या जिवाचं मला कळतं."

जिना अंधारा होता. सगळ्यांच्या पुढं नवरा होता. पहिल्या वळणावर सून मोबाइलचा दिवा लावण्यासाठी पर्स चाचपत होती, तेवढ्यात त्यानं विजेच्या मीटरच्या पेटीमागं हात घातला आणि जिन्यात उजेड पडला.

बेकरीवाल्याचा चेहरा उतरला. त्या पेटीमागं बटण असेल असं कोणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

"तुला कसं कळलं?" सुनेनं विचारलं.

नवऱ्यानं आपल्या हाताकडे बघितलं. "मला नाही कळलं," तो म्हणाला. "हाताला कळलं."

म्हातारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिनं मान वळवली, त्याच्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आलास? औषध कुठंय?"

तो तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला. ती त्याचे हात हातात घेऊन बसली. तिला रडूही आलं नाही.

सासूबाई लंगडत पुढं झाल्या आणि पलंगाच्या कडेवर टेकल्या. "बाई," त्या म्हणाल्या, "हा माझा मुलगा आहे. मी जन्म दिलाय याला. तुम्हाला फसवायचं नाही म्हणून सांगते."

"असेल की," म्हातारी म्हणाली. "याच्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, भाजल्याचा डाग आहे. चार वर्षांचा असताना माझ्या हातून इस्त्री पडली होती."

डाग होता. सासूबाईंच्या घरी त्याला जन्मखूण म्हणत. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"मी त्याला कुठं नेत नाही," म्हातारी जराशानं म्हणाली. "बसू दे घटकाभर."

मग रोजच दुपारी ते तिथं जाऊ लागले. लेक कंटाळून खाली बेकरीत पाव विकायला लागायची. वर म्हातारी बोलायची आणि नवरा ऐकायचा. बडबड्या किती बोलायचा, जिन्यानं येता येता प्रत्येक दारात कसा थांबायचा, रिकाम्या खोलीतसुद्धा गाणी कशी म्हणायचा, हे ती त्यालाच सांगायची. तो ते असं ऐकायचा की जणू कोणी त्याला त्याचा राहून गेलेला अभ्यास सांगतंय. हॉटेलात परतल्यावर सून म्हणाली, "आता पुरे. तुला त्रास होतोय." त्यावर तो म्हणाला, "तिथं माझी कोणीतरी वाट बघत होतं." आणि कूस बदलून झोपला. तिला बोचलं ते.

शेवटच्या दिवशी सामान टॅक्सीत ठेवून ते निरोप घ्यायला वर गेले. बेकरीवालाही आला होता. म्हातारीला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर तिनं डोळे पुसले.

"औषध संपलंय," ती म्हणाली. "खालून घेऊन ये. लगेच ये हं."

खोलीत कोणी हललं नाही. बेकरीवाला जमिनीकडे बघू लागला. 'मी जाते' हे सुनेच्या ओठांवर आलं होतं, पण नवरा उठलाही होता.

"आणतो," तो म्हणाला.

जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली, एका लयीत, नेहमीसारखी. मग ऐकू येईनाशी झाली. सून खिडकीत गेली. खाली इमारतीचं दार, बेकरी आणि पलीकडे औषधाचं दुकान, सगळं एका नजरेत दिसत होतं. त्या दारातून तो बाहेर पडलेला तिला दिसलाच नाही. एक बाई पिशव्या घेऊन आत आली. कुत्रं उंबऱ्यावर येऊन बसलं. तो काही दिसेना. तिची पाचावर धारण बसली. ती वळून काही बोलणार, तोच जिन्यावर पावलं वाजली. दोन दोन पायऱ्या गाळत कोणीतरी वर येत होतं.

तो दारात उभा राहिला, धापा टाकत, हसत. "काय ती गर्दी दुकानात," तो म्हणाला. "एक म्हातारा चिल्लर मोजत बसला होता, मी म्हटलं बाबा, तुमचं मोजून होईपर्यंत माझी आई बरी होईल." त्यानं बाटली म्हातारीच्या हातात ठेवली. मग मान वर करून त्यानं खोलीतल्या माणसांकडे बघितलं. सुनेकडे बघताना त्याची नजर क्षणभर अडली, अनोळखी गावात पाटी वाचताना अडते तशी.

म्हातारीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाली, "तुझी माणसं थांबलीत. जा त्यांच्याबरोबर."

"आई, पण..."

"जा म्हणते ना."

निघताना बेकरीवाल्यानं बाटली उचलून बघितली. "हे औषध तर केव्हाच मिळायचं बंद झालं," तो स्वतःशीच पुटपुटला.

विमानात तो लेकीला काहीबाही सांगून हसवत होता. एकदा स्वतःच मान मागं टाकून मोकळा हसला. पलीकडच्या सीटवरून सुनेनं ते बघितलं. त्याचा पुढचा दात शेजारच्या दातांच्याच रंगाचा होता. टोपी नव्हती. अस्सल, जन्माचा दात होता. हातच्या काकणाला आरसा कशाला? आपलं काम तिनं हजार दातांत ओळखलं असतं, आणि ते तिथं नव्हतं.

तिनं डोळे मिटून घेतले. उजेड कमी आहे, ती मनाशी म्हणाली. विमान उतरेपर्यंत ती तेच घोकत राहिली.

घरी आल्यावर घराचं रूपच पालटलं. तो सकाळी गाणी म्हणे. लेकीला शाळेतलं विचारी आणि उत्तर संपेपर्यंत समोरून हलत नसे. बाजारातून येताना शेजाऱ्यांच्या घरच्या चार गोष्टी घेऊन येई. इस्पितळातल्या बायकासुद्धा म्हणाल्या, हवापालट चांगलाच मानवला की. चमचे कुठं असतात ते त्याला ठाऊक नव्हतं, पण तो सगळे कप्पे उघडून बघे आणि स्वतःलाच हसे. रोज संध्याकाळी तो सुनेला विचारी, "आज काय काय झालं?" लग्न झाल्यापासून हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ती सांगू लागली. सांगता सांगता एकदा तिच्या लक्षात आलं की आपण दिवसभर संध्याकाळची वाट बघतो. त्याच्या दाताकडे ती बघायचं टाळे.

सासूबाई मात्र मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या. त्याच्याशी नीट वागत, त्यानं आणून दिलेला चहा घेत. पण येता जाता मुलाच्या डोक्यावरून हात फिरवायची त्यांची जुनी सवय होती, ती सुटली.

मग एका दुपारी लॅबमध्ये बेकरीवाल्याचा फोन आला. लेकीनं जाताना त्याला नंबर देऊन ठेवला होता.

"कसं सांगू कळत नाही," तो म्हणाला. "तुम्ही टॅक्सीत बसून गेलात, आणि थोड्या वेळानं तुमचा नवरा बाटली घेऊन जिना चढून वर आला. बाकीचे कुठं गेले म्हणाला. मी म्हटलं, अहो, तुम्ही तर त्यांच्याच बरोबर गेलात. तेव्हापासून इथंच आहे. म्हातारीचं सगळं करतो. मी रोज म्हणतो घरी फोन करा, तर म्हणतो, तिकडं एकजण गेलाय ना, मग अडलं कुठं. शेवटी न राहवून मीच केला."

तिनं समोर बघितलं. ट्रेमध्ये कोणाच्या तरी दातांचा साचा होता. "त्याला देता का फोन?" ती म्हणाली.

मग श्वास ऐकू आला. तो श्वास तिनं अंधारातसुद्धा ओळखला असता.

"बरी आहेस?" त्यानं विचारलं.

"हो."

"आईचा पाय?"

"बरा आहे."

"लेक?"

"मजेत आहे," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं.

तो थांबला. ती बोलेल म्हणून थांबला असावा. 'घरी ये', दोन शब्द होते. ते तिच्या घशापर्यंत आले. तेवढ्यात तिला संध्याकाळ आठवली, टेबलापाशी बसून "आज काय काय झालं" विचारणारा आवाज आठवला. आणि शब्द तिथंच राहिले.

"बरंय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. फोन बंद झाला.

त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि भांडी पुसणाऱ्या माणसाला विचारलं, "तू कोण आहेस?"

त्यानं फडकं खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्याला शब्द जुळवावे लागले.

"मी औषध आणायला खाली गेलो," तो म्हणाला. "बाटली घेऊन वर आलो, तर तुम्ही होता. आई म्हातारी झाली होती. मला वाटलं, मधे बरंच काही होऊन गेलं असेल आणि मला आठवत नसेल. आई म्हणाली यांच्याबरोबर जा, तर गेलो. तुम्ही चांगली माणसं निघालात." मग जराशानं म्हणाला, "मी जाऊ का?"

"नको," ती म्हणाली. तिला विचारसुद्धा करावा लागला नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

सासूबाईंना तिनं सगळं सांगितलं. फोनवर आपण गप्प राहिलो, तेही लपवलं नाही. सासूबाई ऐकत होत्या.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"इथल्या विमानतळावर. त्यानं माझी बॅग उचलली आणि म्हणाला, काय दगड भरलेत का हो? माझा मुलगा मुकाट्यानं उचलतो."

"तुम्ही बोलला नाहीत."

"नाही बोलले. चार दिवस मलासुद्धा बरं वाटलं. बोलतं माणूस कोणाला नको असतं?" सासूबाईंनी गुडघ्यावर हात टेकून उठायला घेतलं. "पण माझं तिकडं आहे. मी जाते."

"तुम्ही एकट्या, या पायानं?"

"या पायानंच."

त्यांना कोणी अडवू शकलं नाही. लेकीला सांगितलं की आजी थोडे दिवस मैत्रिणीकडे राहायला चाललीय, आणि ते काही खोटं नव्हतं. विमानतळावर बॅग त्यानंच ओढत नेली. दारापाशी सासूबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच.

"तुझ्या आईला काही सांगायचंय का?"

त्यानं मान खाली घातली. "सांगा, नदीकडची खिडकी संध्याकाळी लावून घेत जा. त्या वाऱ्यानंच खोकला वाढतो."

"सांगते," त्या म्हणाल्या, आणि काठी टेकत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. पोचल्या होत्या. बेकरीवाल्यानं त्यांना वर नेलं होतं, खोलीत आणखी एक पलंग टाकला होता.

"तो कसा आहे?" सुनेनं विचारलं.

"जेवतोय."

ती पुढं काही विचारणार, इतक्यात मागून आवाज आला, सावकाश, खालच्या पट्टीतला. "कोण आहे, आई?"



"शेजारीण आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

सून फोन हातात धरून पॅसेजमध्ये उभी राहिली. आत टेबलापाशी तो लेकीला इस्पितळातली कसलीतरी गंमत सांगत होता आणि लेक पोट धरून हसत होती. "अगं, ये ना," त्यानं हाक मारली, "तुझ्यासाठी थांबलोय, शेवट सांगायचा राहिलाय." तिनं तोंड धुतलं, पुसलं, आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसली.